पाठवण्याच्या करारात राहण्याचेही कलम असू द्या : जर्मनीतील एका परिचारिकेचे खुले पत्र

प्रति,
जर्मनीस कुशल मनुष्यबळ पाठवण्याच्या योजनेवर काम करणारे महाराष्ट्र शासनातील मंत्री व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा सामंजस्य करार केला आणि सुरुवातीला १०,००० तरुण-तरुणींना तिकडे पाठवण्याचे जाहीर झाले. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन अशा अनेक कामांची नावे त्या वेळी वाचली होती. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळच्या एका शहरात, २०१६ पासून राहते. माझे माहेर तासगावचे. नर्सिंगचे शिक्षण मिरजेला झाले, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, जर्मन शिकले, इथल्या नियमांनुसार शिक्षणाला मान्यता मिळवली आणि २०१९ पासून एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात काम करते. आपण ज्यांना पाठवू पाहता त्यांच्यातलीच मी, फक्त काही वर्षे आधी आलेली. म्हणून हे पत्र मराठीत आणि आपल्याला लिहीत आहे. इथल्या कार्यालयांना जर्मनमध्ये लिहिलेल्या माझ्या पत्रांची फाइल आता बरीच जाड झाली आहे.

या योजनेला माझा विरोध नाही. इथे कामाचे तास मोजले जातात, पगार ठरल्या दिवशी होतो, आजारी पडल्यास रजा मागताना कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. माझ्या ओळखीतल्या कोणी विचारले तर मी आजही ‘या’ असेच सांगते. माझे म्हणणे एवढेच आहे की दोन्ही सरकारांनी इथे येण्याची वाट रुंद करण्यावर सगळी शक्ती लावली आहे आणि आलेल्या माणसाने इथे राहायचे कसे, याचा विचार कोणत्याच कागदावर पुरेसा झालेला नाही.

येण्याच्या वाटेकडे पाहिले तर हा फरक लगेच दिसतो. २०२० पासून जर्मनीत कुशल कामगारांसाठी वेगवान प्रक्रिया आहे. तिच्यात नोकरी देणारी संस्था ४११ युरो शुल्क भरते आणि पूर्वसंमती मिळाल्यावर जर्मन दूतावासाने तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ द्यावी व पुढच्या तीन आठवड्यांत साधारणपणे निर्णय करावा, असे नियमातच लिहिलेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. बाडेन-वुर्टेम्बर्गने २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या कामगारांच्या अर्जांसाठी राज्यपातळीवर वेगळी यंत्रणाही उभी केली. परंतु तोच माणूस इथे येऊन, घर भाड्याने घेऊन, कर भरू लागला आणि त्याच्या वास्तव्य परवान्याची मुदत संपत आली, की त्याच्या अर्जावर इतक्या दिवसांत निर्णय व्हावा असे तितक्याच स्पष्टपणे सांगणारा नियम त्याच्या हाती नसतो. तीन महिने निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते, हे खरे. पण ज्या टेबलावरून उद्या, परवा आणि पुढची कित्येक वर्षे शिक्का घ्यायचा आहे, त्या टेबलाविरुद्ध न्यायालयात जाण्याची हिंमत नव्याने आलेल्या माणसात कुठून यावी?

या कार्यालयाला इथे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात, म्हणजे परदेशी नागरिकांचे कार्यालय. देशभरात अशी शेकडो कार्यालये आहेत आणि ती जिल्ह्याच्या किंवा शहराच्या प्रशासनाचा भाग असतात. कायदा संपूर्ण देशाला एकच, पण अंमल ज्या त्या गावाचा. एका शहरात अर्ज संगणकावरून भरता येतो, शेजारच्या शहरात तो टपालानेच लागतो. अनेक ठिकाणी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून अधिकारी ठरतात. त्या अक्षराचा अधिकारी रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला की त्या अक्षराची माणसे तिष्ठत राहतात. घर बदलून पलीकडच्या गावी गेलात तर तुमची फाइल जुन्या कार्यालयातून नव्या कार्यालयात जाते, आणि ती वाटेत असताना दोन्हीकडे एकच उत्तर मिळते की फाइल आमच्याकडे नाही. टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, हा शब्द आमच्या घरात माझ्या मुलाने ‘आई-बाबा’नंतर फार लवकर उचलला, इतक्या वेळा तो बोलला जात असे.

परवाना म्हणजे आपल्या पॅन कार्डाएवढे प्लास्टिकचे कार्ड. त्याची मुदत पारपत्राच्या मुदतीशी बांधलेली असते. भारतीय लहान मुलांचे पारपत्र पाच वर्षांचे असते, त्यामुळे मुलाचे पारपत्र नवे झाले की त्याचे कार्डही नवे करावे लागते. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळाला तरी पारपत्र बदलल्यावर कार्ड बदलण्याचा अर्ज सुटत नाही. चौकोनी कुटुंबात चार पारपत्रे आणि चार कार्डे, प्रत्येकाची तारीख वेगळी. त्यामुळे घरातले कोणी ना कोणी सतत अर्जदार असते.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते, कारण नियमांच्या भाषेत तो दिसत नाही.

माझे कार्ड मार्च २०२३ मध्ये संपणार होते. मी डिसेंबरमध्येच अर्ज केला. सोबत पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार, विम्याचे पत्र, सगळे जोडले. ‘आपला संदेश मिळाला, कामाच्या ताणामुळे उत्तरास वेळ लागेल, कृपया पुन्हा विचारणा करू नये’ असे आपोआप येणारे उत्तर आले. त्यानंतर काहीच नाही. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असे कायदा मानतो, आणि तसे सांगणारा एक कागद कार्यालय देते. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हे त्याचे नाव. मानीव वास्तव्याचा दाखला म्हणू या. कायद्याने मी सुरक्षित होते, पण तो दाखला हातात नव्हता, आणि कायद्याचे कलम विमानतळावर दाखवता येत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई अंगणात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. सांगलीला शस्त्रक्रिया झाली. भाऊ बंगळूरुहून दहा दिवसांची रजा काढून आला. मी इथून निघाले असते, पण संपलेल्या कार्डावर परतीच्या विमानात कोणी बसू दिले नसते, आणि परत येता आले नसते तर नोकरी आणि पाच वर्षांचा मुलगा दोन्ही इकडे अडकले असते. मी रोज एक संदेश पाठवू लागले. दूरध्वनीवर यंत्राचा आवाज यायचा आणि काही मिनिटांनी आपोआप कट व्हायचा. रात्रपाळी संपवून दोनदा मी पहाटे थेट कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथे माझ्याआधी आलेली माणसे होती, काहींनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, एका बाईने बाबागाडीत झोपलेल्या बाळावर स्वतःचा कोट टाकला होता. दार उघडल्यावर सुरक्षारक्षक एकच प्रश्न विचारत असे, टर्मिन आहे का? नसलेल्यांना तो एक पत्ता लिहिलेली चिठ्ठी देई, आणि तो पत्ता मी महिनाभर ज्यावर लिहीत होते तोच असे.

त्याच आठवड्यात माझ्या विभागात ऐंशीच्या पुढच्या एक जर्मन आजी होत्या. त्यांच्याही खुब्याचे हाड मोडलेले, त्यांचीही शस्त्रक्रिया झालेली. चौथ्या दिवशी मी त्यांना वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत चालवले. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असे मी त्यांना म्हणत होते, आणि तिकडे माझ्या आईला हेच शेजारच्या काकू व्हिडिओ कॉलवर मला विचारून सांगत होत्या. आजींनी माझा हात हातात घेऊन, तुमच्या आईचे भाग्य मोठे, घरातच परिचारिका आहे, असे म्हटले. त्यांना काही माहीत नव्हते आणि मी काही सांगितले नाही.

दाखला हाती यायला त्यानंतर पाच आठवडे लागले. एका अधिकाऱ्यांनी, ज्यांचे अक्षर माझे नव्हते, माझे पत्र वाचून स्वतः दूरध्वनी केला आणि दुसऱ्या दिवशी बोलावले. काम बारा मिनिटांत झाले. तो दाखला म्हणजे छायाचित्र चिकटवलेला एक घडीचा कागद. त्यावर तीन चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीत फुली मारलेली असते. तिसऱ्या चौकटीत फुली असेल तर जुना परवाना चालू समजला जातो व जर्मनीबाहेर जाऊन परत येता येते. पहिल्या चौकटीत असेल तर इथे राहता येते, पण बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. मी खुर्चीवरून उठण्याआधी ती फुली कुठे आहे ते दोनदा पाहिले. परतताना मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरील मुलीने तो कागद उलटसुलट केला, वरिष्ठाला बोलावले, त्यांनी कोणाला तरी दूरध्वनी केला, आणि माझ्यामागची रांग दुसऱ्या काउंटरकडे वळवण्यात आली. सुमारे चाळीस मिनिटांनी मला विमानात बसू दिले. त्या दोघांचा काही दोष नव्हता. जर्मन भाषेतला घडीचा कागद त्यांनी किती वेळा पाहिलेला असणार?

मी पोहोचले तेव्हा आई वॉकर सोडून काठीवर चालू लागली होती.

हा एकटीचा अनुभव असता तर मी हे पत्र लिहिले नसते. कार्डाची तारीख जवळ आली की नोकरी देणाऱ्याकडून विचारणा सुरू होते, कारण परवान्याची प्रत जवळ ठेवणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे. बालभत्ता देणारे खातेही नव्या परवान्याची प्रत मागते. घरमालक भाडेकरार करताना कार्डावरील तारीख पाहतो आणि सहा महिने उरलेल्या माणसापेक्षा इतर कोणाला घर देणे त्याला सोयीचे वाटते. माझ्या परिचयाचा चाकणहून आलेला एक तंत्रज्ञ आहे. त्याच्या कार्डासोबत एक जोडपत्र असते आणि त्यावर त्याच्या मालकाच्या कंपनीचे नाव छापलेले आहे. पहिल्या दोन वर्षांत मालक बदलायचा तर कार्यालयाची परवानगी लागते. त्याला अधिक पगाराची नोकरी मिळाली, त्याने परवानगी मागितली, नव्या कंपनीने तीन महिने वाट पाहिली आणि मग दुसऱ्याला घेतले. आपण पाठवणार आहात त्या १०,००० जणांपैकी कोणाचा मालक चांगला निघाला नाही, तर त्याची सुटका याच टेबलावरून व्हायची आहे. ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. परवानगीला होणारा उशीर म्हणजे वाईट मालकाच्या हातात दिलेली दोरी होय.

कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, हे स्पष्टपणे नोंदवते. २०२२ मध्ये युक्रेनमधून दहा लाखांहून अधिक माणसे जर्मनीत आली आणि त्यांची कागदपत्रे याच कार्यालयांनी केली. जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे ठरले आणि अर्जांचा ओघ वाढला. त्या मानाने कर्मचारी वाढले नाहीत. आमच्यातले काही जण आता केवळ या कार्यालयापासून सुटका व्हावी म्हणून नागरिकत्व घेत आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यांना भारतीय पारपत्र परत करावे लागते. आपल्या देशाचे पारपत्र सोडण्याचा निर्णय माणसाने इथल्या समाजाशी जडलेल्या नात्यातून घ्यावा. रांगेला कंटाळून घेतलेला तो निर्णय पाहताना मला वाईट वाटते.

आता आपल्याकडे काय मागते ते सांगते.

बाडेन-वुर्टेम्बर्गच्या प्रतिनिधींबरोबर आपण पुढच्या बैठकीला बसाल तेव्हा नूतनीकरणाचा विषय मांडा. या राज्याला आपल्या माणसांची गरज आहे म्हणूनच तो करार झाला, त्यामुळे अट घालण्याचा हक्क आपल्याला आहे. करारातून आलेल्या प्रत्येक कामगाराला, मुदतीत अर्ज केल्यावर, ठरावीक दिवसांत मानीव वास्तव्याचा दाखला आपोआप मिळावा आणि त्यावर प्रवासाची मुभा असावी, एवढे एक कलम घालून घ्या. निर्णयाला वेळ लागला तरी चालेल, दाखल्याला लागता कामा नये. मालक बदलण्याच्या परवानगीला तर दिवसांची स्पष्ट मर्यादा हवीच. आणि येणाऱ्यांसाठी जी राज्यपातळीवरची यंत्रणा त्यांनी उभी केली आहे, तिच्याकडेच या माणसांचे नूतनीकरणाचे प्रश्नही नेता यावेत, अशी मागणी करा. येणाऱ्याला एक खिडकी मिळते, तर राहणाऱ्याला का मिळू नये?

दुसरे काम पूर्णपणे आपल्या हातातले आहे आणि त्यासाठी कोणत्याही जर्मन अधिकाऱ्याची संमती लागत नाही. भारतातील अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, जर्मनी मान्य करत नाही. त्यामुळे जन्माचा, लग्नाचा दाखला खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी तो जर्मन दूतावासामार्फत भारतात पडताळणीला पाठवला जातो. कोणी तरी प्रत्यक्ष ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नोंदवही पाहतो, आणि त्यात महिने जातात. माझा मुलगा २०१८ मध्ये इथे जन्मला. त्याचा जन्मदाखला देण्याआधी आमच्या दोघांचे जन्मदाखले आणि आमचा विवाहदाखला तपासून हवा होता. माझ्या जन्माच्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा रिकामी होती, जशी त्या काळच्या अनेक नोंदींत असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, आणि वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे. आपल्याकडे हे कोणाला खटकत नाही. इथल्या अधिकाऱ्याला मात्र त्या तीन वेगळ्या व्यक्ती दिसतात. जन्मदाखला नाही म्हणून बाळाचे पारपत्र नाही, पारपत्र नाही म्हणून परवाना नाही. या साखळीत माझ्या मुलाचे पहिले आठ महिने गेले आणि त्याच्या आजीला तो पहिल्यांदा मांडीवर घेता आला तेव्हा त्याला दात आले होते.

म्हणून निवड झालेल्या प्रत्येक उमेदवाराची नोंद, त्याने विमानात पाऊल ठेवण्याआधी, आपल्या तालुक्याच्या पातळीवर दुरुस्त करून द्या. नाव नसलेल्या जन्मनोंदी पूर्ण करा, स्पेलिंग एकसारखे करा, नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत हातात द्या, जुन्या हस्तलिखित नोंदींऐवजी मराठी-इंग्रजी छापील दाखला द्या. तालुक्याच्या ठिकाणी एका खेपेत होऊ शकणारे हे काम इथून करायला आमच्या म्हाताऱ्या आईवडिलांना पाच-सहा खेपा घालाव्या लागतात. भाषावर्गातही थोडा बदल करा. उमेदवारांना स्वतःची ओळख करून देणे, बाजारहाट करणे शिकवले जाते, ते हवेच. त्यासोबत कार्यालयाला पत्र कसे लिहावे, अर्ज पोचल्याची पावती कशी मागावी, मुदतीच्या किती आधी अर्ज करावा आणि त्या दाखल्यावरची फुली कुठे पाहावी, हेही शिकवा. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी ते पहाटेच्या रांगेत, माझ्याआधी आलेल्या एका सीरियन गृहस्थांकडून शिकले.

माझ्या मुलाचे पारपत्र येत्या काही महिन्यांत पुन्हा नवे करायचे आहे, म्हणजे त्याचे कार्डही. अर्ज भरून ठेवला आहे, छायाचित्रे काढून झाली आहेत. दिवाळीत तासगावला जाण्याची तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत. आईला तसे कळवले आहे, तिला आता कारण विचारावे लागत नाही. आपल्या विभागाकडून या पत्राला उत्तर आले तर ते मी इथल्या मराठी मंडळींना वाचून दाखवीन, आणि आपल्याला अशा प्रसंगांची तपशीलवार माहिती हवी असल्यास ती गोळा करून देण्याची आमच्यापैकी अनेकांची तयारी आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये काम करणारी एक मराठी परिचारिका